चालू होऊन लगेच बंद पडणारी जुनी मारुती ८००: दोष कसा शोधावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९६ सालची कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती ८०० घरात आहे, ती वडिलांनी घेतलेली असल्यामुळे विकायची नाही, आणि मधले आठ महिने ती जागेवर उभी होती. आता सेल्फ मारताच इंजिन चालू होते, चोक ओढलेला असेपर्यंत चालतेही. परंतु चोक आत ढकलला की पाच-दहा सेकंदांत थरथरून बंद पडते. ऍक्सिलरेटरवर पाय ठेवून रेस धरली तर मात्र बंद पडत नाही. प्लग, बॅटरी आणि पेट्रोल पंप बदलून झाले, तरी फरक पडला नाही, आणि आता मिस्त्री नवा कार्बोरेटर घाला असे सांगत आहेत.

तो कार्बोरेटर तूर्त घेऊ नका. दोषाचे निम्मे निदान आपण स्वतःच लिहिलेल्या दोन वाक्यांत आहे: चोक असेपर्यंत गाडी चालते, आणि रेसवर धरली तर बंद पडत नाही. आपल्या गाडीवर आतापर्यंत जो खर्च झाला तो या दोन गोष्टी कोणी नीट ऐकून न घेतल्यामुळे झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. चालू होऊन बंद पडणाऱ्या गाडीत ती बंद कधी पडते आणि कशी पडते हे आधी पाहावे लागते. कोणता भाग बदलायचा हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

जे इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये पेट घेते, त्याचे कॉम्प्रेशन, त्याचा स्पार्क आणि त्याचे टायमिंग कामापुरते ठीक आहे, हे धरून चालायला हरकत नाही. रेसवर ते कितीही वेळ चालते, याचा अर्थ टाकीपासून फ्लोट चेंबरपर्यंत, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोलच्या छोट्या साठ्यापर्यंत, पेट्रोल पुरेसे येत आहे. म्हणजे पंप बदलण्याचे कारणच नव्हते. मग त्या दहा सेकंदांत बदलते काय? चोक ओढलेला असताना हवेची वाट अडवली जाते आणि इंजिन मेन जेटमधूनही, म्हणजे पेट्रोलच्या मुख्य छिद्रातूनही, भरपूर पेट्रोल ओढून घेते. चोक आत गेला, पाय काढलेला असला, की थ्रॉटलची, म्हणजे ऍक्सिलरेटरने उघडणारी, झडप जवळजवळ मिटते. मेन जेटवरून पेट्रोल उचलण्याइतका हवेचा वेग तिथे राहत नाही, आणि इंजिनाला पूर्णपणे स्लो जेटवर, म्हणजे संथ चालीसाठीच्या बारीक छिद्रावर, अवलंबून राहावे लागते. स्लो जेटचे पेट्रोल थ्रॉटलच्या झडपेखालच्या एका बारीक छिद्रातून येते. आपण रेस दिली की झडप उघडते, मेन जेट पुन्हा कामाला लागतो आणि इंजिन तगते. तेव्हा आपल्या गाडीतील दोष दोनच ठिकाणी असू शकतो: एक तर स्लो जेटच्या मार्गाने पेट्रोल येत नाही, किंवा थ्रॉटलच्या खाली कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे.

यांतील पहिली आणि सर्वांत स्वस्त तपासणी सोलेनॉइडची. आपल्या कार्बोरेटरच्या अंगाला एक वायर लावलेली, अंगठ्याएवढी धातूची नळकांडी आहे. चावी ऑन केली की तिच्या आतली सुई मागे ओढली जाते आणि स्लो जेटचा मार्ग उघडतो. चावी बंद केली की सुई पुढे येऊन तो मार्ग बंद करते, जेणेकरून तापलेले इंजिन चावी काढल्यावरही गुरगुरत राहू नये. या सोलेनॉइडला करंट मिळाला नाही, तर स्लो जेटचा मार्ग कायमचा बंद राहतो आणि गाडी नेमकी आपल्या गाडीसारखी वागते.

तपासणी अशी करावी. बॉनेट उघडा, आजूबाजूला शांतता असू द्या, आणि घरातील कोणालाही चावी फक्त ऑन करायला सांगा, सेल्फ मारायचा नाही. आपण बोटाचे टोक सोलेनॉइडवर टेकवून ठेवा. चावी फिरताच ‘टक्’ असा बारीक आवाज झाला पाहिजे आणि तो बोटाला जाणवला पाहिजे. चार-पाच वेळा चावी ऑन-ऑफ करून पाहा. टक् होत नसेल तर वायरचा जोड काढा आणि चावी ऑन ठेवून वायरीच्या टोकाला टेस्ट लॅम्प (दुसरे टोक इंजिनाला अर्थ केलेला तपासणीचा दिवा) लावा. दिवा लागला नाही, तर आधी वायरीतला दोष शोधा. दिवा लागला, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वेगळी वायर घेऊन क्षणभर सोलेनॉइडला टेकवा, आणि तरीही तो हलला नाही तरच तो बदला. ही वायर टेकवताना ठिणगी पडते, म्हणून ती आधी सोलेनॉइडला जोडावी आणि दुसरे टोक बॅटरीकडे टेकवावे. कार्बोरेटरजवळ ठिणगी पाडू नये.

आपली गाडी आठ महिने उभी होती, म्हणून वायरकडे विशेष लक्ष द्या. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात, आणि वायरीवरचे प्लास्टिक कुरतडणे हा त्यांचा ठरलेला उद्योग असतो. अनेकदा वायर बाहेरून अखंड दिसते, पण जोडाच्या आत तांब्याला हिरवट बुरशीसारखा थर धरलेला असतो. तो जोड खरवडून साफ केला आणि घट्ट बसवला, एवढ्यावर गाडी ठीक झाल्याची उदाहरणे मी मोजणे सोडून दिले आहे.

इथे एका प्रचलित जुगाडाविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. सोलेनॉइड बिघडला की काही ठिकाणी त्याच्या सुईचे टोक पक्कडीने कापून तो परत बसवतात. मार्ग कायमचा उघडा राहतो, गाडी आयडलिंगला (पाय काढल्यावरच्या संथ चालीला) उभी राहते, गिऱ्हाईक खूश होते. परंतु त्यानंतर चावी बंद केली तरी गरम इंजिन धक्के देत चालू राहते, आणि तो मार पिस्टन व बेअरिंगांना बसतो. आपल्या गाडीत हे आधीच केलेले असेल तर सोलेनॉइड खोलल्यावर सुईचे टोक बोथट, कापलेले दिसेल. तसे असेल तर तो भाग बदला.

सोलेनॉइड टक् करीत असेल आणि तरीही गाडी बंद पडत असेल, तर पुढचा मान स्लो जेटचा. पेट्रोल महिनोन्‌महिने फ्लोट चेंबरमध्ये पडून राहिले की त्यातील हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, वार्निशासारखा थर उरतो. मेन जेटचे छिद्र त्या मानाने मोठे असल्यामुळे ते तग धरते. स्लो जेटचे छिद्र फारच बारीक, ते सर्वांत आधी बुजते. जेट खोलून उजेडासमोर धरा. छिद्र स्वच्छ असेल तर प्रकाशाचा पूर्ण गोल ठिपका दिसतो. बुजलेले असेल तर ठिपका दिसत नाही, किंवा अर्धा कोरलेला दिसतो. ते साफ करताना तार, टाचणी किंवा सुई मुळीच घालू नका. जेट मऊ पितळेचा असतो, त्याचे छिद्र ठरावीक मापाचे असते, आणि तारेने ते एकदा मोठे झाले की ती गाडी पुन्हा कधी नीट ॲव्हरेज देत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी उलट्या दिशेने हवा मारा, आणि कार्बोरेटरच्या अंगातील तो मार्गही हवेने साफ करा. केवळ जेट साफ करून मार्ग तसाच सोडला, तर आठवड्याभरात तोच कचरा पुन्हा जेटमध्ये येऊन बसतो.

राहिली जादा हवा. तिचे ठिकाण सापडायला थोडा धीर लागतो. चोक अर्धा ओढून इंजिन चालू ठेवा आणि पाण्याच्या बारीक फवाऱ्याच्या बाटलीने कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगवर, इन्टेक मॅनिफोल्डच्या जोडांवर आणि व्हॅक्यूमच्या प्रत्येक रबरी नळीच्या टोकाशी थोडा थोडा फवारा मारत जा. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी मात्र कोरड्या राहू द्या. ज्या ठिकाणी फवारा पडताच इंजिनाचा सूर बदलतो, तिथून हवा खेचली जात आहे. हेच काम पेट्रोल किंवा क्लीनर शिंपडून करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि चालू इंजिनावर पेट घेतलेला मॅनिफोल्डही पाहिला आहे, म्हणून पाणीच वापरा. गाडीला ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी काढून तोंड बोटाने बंद करून पाहा. इंजिन लगेच सावरले तर हवा बूस्टरमधून किंवा त्याच्या नळीतून शिरते आहे, आणि मग प्रश्न आयडलिंगपुरता राहत नाही, तो ब्रेकचाही होतो.

आपण गाडीत गॅस किट असल्याचे लिहिलेले नाही, परंतु त्या काळातील कितीतरी मारुतींना पुढे एलपीजी किंवा सीएनजी किट बसवले गेले, म्हणून विचारतो. किट असेल किंवा पूर्वी असून काढलेले असेल, तर दोन ठिकाणे अवश्य पाहा. कार्बोरेटरला बसवलेल्या मिक्सरचे पॅकिंग नीट बसलेले नसते. आणि पेट्रोलच्या लाईनमध्ये किटवाल्यांनी घातलेला वेगळा सोलेनॉइड तसाच राहिलेला असतो, जो कधी उघडतो आणि कधी अर्धवट अडकतो. तो अडकला तर मात्र गाडी रेसवरही फार वेळ टिकत नाही.

चालू होऊन बंद पडणाऱ्या सगळ्याच गाड्या आपल्या गाडीसारख्या वागत नाहीत. हे उत्तर वाचून दुसरा कोणी आपल्या गाडीचा सोलेनॉइड विनाकारण खोलू नये, म्हणून इतर प्रकारही सांगतो.

सेल्फ मारताना इंजिन पेट घेते आणि चावीवरचा हात सैल करताच, त्याच क्षणी बंद होते, असे असेल तर पेट्रोलकडे पाहायचेच नाही. सेल्फ मारताना कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) करंट एका मार्गाने मिळतो आणि चावी मागे आली की दुसऱ्या. तो दुसरा मार्ग तुटलेला असतो. दोष बहुधा इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कात असतो, आणि ज्या गाड्यांत कॉइलला जोडून बॅलास्ट रेझिस्टर असतो तिथे तो जळलेला असतो. कॉइलच्या पॉझिटिव्हला टेस्ट लॅम्प लावून ठेवा आणि चावी मागे येताना दिव्याकडे पाहा. दिवा विझला, की दोष सापडला.

गाडी चांगली चालू होते, अर्धा मिनिट ते दोन-तीन मिनिटे व्यवस्थित चालते, मग खोकल्यासारखे झटके देत विझते आणि रेस दिली तर उलट लवकर विझते, हा पुरवठ्याचा दोष आहे. फ्लोट चेंबरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर इंजिन तेवढा वेळ चालते. चेंबर रिकामे झाले की संपले. या प्रकारात मिस्त्री सरसकट पंप बदलतात. त्याआधी पंपाची कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून एका बाटलीत सोडा, कॉइलची मधली वायर काढून तिचे टोक इंजिनाला घट्ट अर्थ करा, आणि सेल्फ मारून पाहा. पेट्रोलच्या ठसठशीत पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक आहे. आल्या नाहीत, तरी तो लगेच दोषी ठरत नाही. त्याला टाकीकडून पेट्रोल मिळते का हे पाहावे लागते, आणि पंपाला येणारी नळी थेट पेट्रोलच्या बाटलीत बुडवली की त्याचे उत्तर मिळते.

अशी एक गाडी माझ्याकडे कोकणातून आली होती. दोन वेळा पंप, एकदा फिल्टर, एकदा टाकी धुऊन झाली होती, तरीही गाडी दर काही किलोमीटरवर बंद पडे आणि पंधरा मिनिटांनी आपोआप चालू होई. ती बंद पडलेल्या अवस्थेत मी टाकीचे झाकण उघडले, तेव्हा ‘सुस्स’ करीत हवा आत ओढली गेली, आणि पुढच्या सेल्फला गाडी चालू झाली. टाकीतील पेट्रोल कमी होते तसतशी तिथे हवा शिरावी लागते. ती शिरण्याच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, आणि ती माती चिकणमातीच्या बुचासारखी घट्ट बसली होती. तेव्हापासून पुरवठ्याचा संशय आला की मी पाना उचलण्याआधी टाकीचे झाकण उघडून पाहतो. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

याच्या उलट, इंजिन काळा धूर सोडत, पेट्रोलचा उग्र वास देत बंद पडत असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे. फ्लोट चेंबरमध्ये येणारे पेट्रोल थांबवणारा निडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा त्याला वर ढकलणाऱ्या फ्लोटमध्ये (तरंगत्या डब्यात) पेट्रोल शिरून तो जड झालेला आहे. मारुतीच्या कार्बोरेटरवर फ्लोट चेंबरला पारदर्शक काचेची छोटी खिडकी असते. टॉर्च धरून पाहिले तर पेट्रोलची पातळी दिसते. ती खिडकी पूर्ण भरलेली दिसली तर निडल व्हॉल्व्ह आणि फ्लोट तपासा; कोरडी दिसली तर वर सांगितलेल्या पुरवठ्याकडे वळा.

गाडी दहा-वीस मिनिटे उत्तम चालते, तापते, आणि मग दिवा विझावा तशी एकदम बंद होते, थंड झाल्यावर काही घडलेच नाही अशी पुन्हा चालू होते, तेव्हा कॉइल, पॉइंटच्या गाड्यांत कॉन्डेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत इग्नायटर यांच्यावर संशय घ्यावा. पेट्रोल संपून इंजिन विझते तेव्हा ते आचके देत विझते. करंट गेला की आचका नसतो. परंतु ही तपासणी गाडी बंद पडल्यावर लगेच, रस्त्याच्या कडेलाच करावी लागते, कारण टोईंग करून गॅरेजमध्ये आणेपर्यंत कॉइल थंड होते आणि स्पार्क उत्तम दिसतो. एक चांगला प्लग डिकीत ठेवा. बंद पडताच एका प्लगची वायर त्याला लावा, तो कार्बोरेटरपासून दूर इंजिनाला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी आली नाही तर दोष करंटचा आहे. उन्हाळ्यात खंबाटकीसारख्या घाटात रांगेत अडकल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत मात्र स्पार्क असूनही हेच घडते, कारण तापलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते. पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे थांबल्यास ती गाडी चालू होते.

इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल थोडेच सांगतो, कारण तिथे स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. चावी ऑन केल्यावर मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते का ते पाहा. तेवढ्या दाबावर इंजिन चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर पंपाचा रिले आणि त्याची वायरिंग तपासा. फक्त रेसवरच टिकणारी गाडी असेल तर कार्बन धरलेली थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करा. आणि स्कोडा ऑक्टेव्हियासारखी गाडी चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल, डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहा.

पुन्हा आपल्या गाडीकडे येतो. सोलेनॉइड, स्लो जेट किंवा पॅकिंग यांपैकी जे सापडेल ते दुरुस्त केल्यावर इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि मगच आयडलिंग लावा. मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचे पेट्रोल कमी-जास्त करणारा) हळुवारपणे, जोर न लावता, बसेपर्यंत आत न्या आणि तिथून अडीच फेरे बाहेर घेऊन सुरुवात करा. पुढे-मागे फिरवत इंजिन जिथे सर्वांत गुळगुळीत चालते तिथे थांबा. त्यानंतर पीयूसी केंद्रावर जा आणि प्रमाणपत्रासोबत कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही वाचून घ्या. आपल्या गाडीएवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची आहे. आकडा शून्याच्या जवळ आणि आयडलिंग थरथरते, तर अजूनही कुठून तरी हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. आकडा तीनच्या वर गेला तर पेट्रोल जास्त होते आहे. हे सर्व करताना गाडी उघड्यावर असू द्या, बंद शेडमध्ये इंजिन चालवून आयडलिंग लावत बसू नका, कारण तोच वायू तिथे माणसाचा जीव घेतो.

रबरी नळ्या मात्र सगळ्याच बदलून टाका, त्या वरून चांगल्या दिसत असल्या तरीही. १९९६ साली ही गाडी बनली तेव्हा पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते; आता ते २० टक्के असते. जुने रबर त्याने फुगते, आतून सुटते, आणि त्याचे काळे कण थेट जेटपर्यंत जातात. इथेनॉल हवेतील ओलही शोषून घेते, त्यामुळे गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नका. टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून तिचे तोंड बुचाने बंद करा आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्या.

कार्बोरेटर नवा घेण्याचे खरे कारण एकच उरते. बंद गाडीत, एअर फिल्टर काढून, थ्रॉटलच्या झडपेचा दांडा दोन बोटांत धरा आणि वर-खाली हलवून पाहा, फिरवून नव्हे. दांडा ज्या भोकातून जातो तिथे खडखड जाणवली, तर इतक्या वर्षांत ते भोक लंबगोल झिजले आहे, हवा तिथून शिरते आहे आणि कोणत्याही पॅकिंगने ती थांबणार नाही. अशा वेळी बॉडी टर्नरकडे नेऊन दांड्याला नवे बुश बसवून मिळते का ते आधी विचारा. ते जमत नसेल तर मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे, कार्बोरेटर बदला. दांडा घट्ट असेल, तर आपल्या गाडीचा मूळ कार्बोरेटर अजून कित्येक वर्षे चालेल. तो कोणालाही बदल्यात देऊ नका.